पालमहून, माणूस एक

१

व्यंकटरावांची आयुष्यभराची खोड म्हणजे त्यांची बोटं. निजामाच्या रेल्वेत, पूर्णा स्टेशनावर तारमास्तर म्हणून हयात गेली, पेन्शन घेऊन परभणीला घरी येऊन बसले, पण बोटं काही पेन्शनीत निघाली नाहीत. जेवताना वाटीवर, पूजेत पळीवर, पडून राहिले तर पलंगाच्या पाटीवर, टकटक आपली चालूच. घरातल्यांना ती ऐकू येईनाशी झाली होती.

कावेरी सून म्हणून घरात आली त्या वर्षीची गोष्ट. व्यंकटराव जेवत होते आणि सवयीनं वाटीवर बोटं वाजवत होते. कावेरी आतून मिठाचं भांडं घेऊन आली, न विचारता त्यांच्या पानात चिमूटभर मीठ वाढलं आणि निघून गेली. व्यंकटरावांचा हात वाटीवरच थबकला. त्यांनी वाजवलं होतं, 'आमटी आळणी.'

"तुला समजलं?"

"रोज आमटीला नावं ठेवायलात, ते कळू नये होय?" कावेरी दाराआडून म्हणाली. "ह्यांच्याकडून ते तारेच्या अक्षरांचं कोष्टक घेतलं, अन् चुलीपुढं बसून पाठ केलं."

'ह्यांच्याकडून' म्हणजे गोविंदाकडून. व्यंकटरावांचा हा मुलगा कचेरीत पेशकार होता. लहानपणी बापानं ते कोष्टक मारून मारून शिकवलं म्हणून त्याला तारेचा मनस्वी कंटाळा. पण त्या दिवशी खरी पंचाईत नर्मदाबाईंमुळे झाली. आपला नवरा लग्नापासून दर जेवणाला वाटीवर काय काय बोलत आला असेल, हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि पुढचे काही दिवस त्या नवऱ्याशी फक्त सुनेमार्फत बोलल्या.

तेव्हापासून सासरा आणि सून यांची जोडी जमली. व्यंकटरावांनी हैदराबादेला खेपा घालून हौशी बिनतारीचा परवाना मिळवला, माजघराशेजारच्या अडगळीच्या खोलीत यंत्र मांडलं, गच्चीवर एरियलची तार ताणली. दुपारची कामं उरकली की कावेरी कानाला हेडफोन लावून बसायची आणि सोलापूर, नागपूर, कधी हवा चांगली असली तर थेट कोलंबोशी डा-डिट डा-डिट गप्पा मारायची. पलीकडच्यांना वाटायचं, कुणी तरणा गडी आहे. व्यंकटरावही कुणाचा गैरसमज दूर करत नसत.

२

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीचा तो शेवटचा हिवाळा. हौशी बिनतारीवाल्यांनी एका दिवसाची चढाओढ ठेवली होती. त्यात फिरत्या यंत्रांचा एक वेगळा गट होता. मोटारीत यंत्र घालायचं, गावोगाव थांबायचं आणि प्रत्येक ठिकाणाहून जितक्या जणांशी बोलता येईल तितक्यांशी बोलायचं. नवं गाव, नवे गुण. बोलताना दोन गोष्टी सांगणं सक्तीचं होतं. गावाचं नाव, आणि मोटारीत यंत्र चालवणारी माणसं किती.

जिनिंगवाल्या बन्सीधर शेटजींनी आपली जुनी मोटार दिवसभरासाठी दिली. नर्मदाबाईंनी धपाटे, दही आणि तिळाचे लाडू बांधून दिले आणि बजावलं, "सुनेला मोटारीत घालून गावभर हिंडायलात. लोक काय म्हणतील ते म्हणू द्या. पण दिवस मावळायच्या आत घरी या."

"आई, त्यांना सांगून काय उपयोग?" गोविंद म्हणाला. "वाटीवर वाजवून सांग."

पहिला मुक्काम बोरी. गावाबाहेर एका ओळखीच्या मळ्यात मोटार उभी केली, मोटारीला कळक बांधला, त्याच्या टोकावरून लिंबाच्या झाडाला तार ताणली. मळेवाल्यांनी हुरडा भाजायला घेतला होता. एक जण यंत्राची किल्ली बडवतोय तोवर दुसरा हुरडा खातोय, असं त्यांचं आळीपाळीनं चाललं. बघायला जमलेल्या बाया कावेरीकडं बघून तोंडाला पदर लावत होत्या. एकीनं विचारलंच, "बाई, ह्यो डबा काय म्हनायलाय?"

"तो म्हणायलाय, नागपुरात लय थंडी पडली."

"मंग हितं काय कमी हाय!" ती बाई म्हणाली आणि सगळा मळा हसला.

बोरीहून इतक्यांशी बोलणं झालं की व्यंकटरावांची छाती फुगली. दर वेळी शेवटी दोघं तेच पाठवत होते. बोरी. माणसं दोन.

३

ताडकळसला पोचले तेव्हा ऊन डोक्यावर होतं. त्या दिवशी बाजार नव्हता, त्यामुळं बाजारतळ मोकळा होता. तार ताणून झाली आणि पहिली पाळी व्यंकटरावांची होती. त्यांनी हाक दिली. लगेच उत्तराला सोलापूरचे डॉक्टर आले. डॉक्टर जुने स्नेही. पण आज त्यांनी गुणांचं काही न बोलता उलटच विचारलं.

'आपलं आत्ताच झालं की. तुम्ही पालमला होता. आता ताडकळस कसं?'

व्यंकटरावांनी कळवलं, 'पालमला अजून जायचंय. दुपारनंतर.'

'मग मघाशी कोण होतं? तुमच्याच परवान्याचं चिन्ह. आवाज दणदणीत. पालमहून, माणूस एक.'

व्यंकटराव हसले. हेडफोन काढून कावेरीला म्हणाले, "कुणीतरी वात्रट आपलं नाव लावून पालमला बसलाय. आपले गुण खायलाय लेकाचा."

"पालमला बिनतारी कुणाकडं हाय, मामंजी? सगळ्या परभणी जिल्ह्यात आपण दोघंच."

"नांदेडहून आला असंल कुणी. मोटार काय आपल्यालाच मिळते?"

कावेरीनं मान हलवली, पण तिचं समाधान झालेलं दिसलं नाही. मग ती यंत्रावर बसली. नागपूर आलं. नागपूरनंही तेच सांगितलं. पालम झालं, आता परत कशाला हाक मारता? आणि माणूस एक म्हणालात, आता दोन कुठून आले?

बाजारतळावर एक शेळी एरियलच्या दोरीला अंग घासत उभी होती. चावडीसमोर दोघे म्हातारे ऊन खात बसले होते. सगळं कसं स्वच्छ, उघडं, रोजच्यासारखं. व्यंकटरावांनी डब्यातला लाडू तोंडात टाकला आणि म्हणाले, "माणूस एक म्हणतो म्हणजे बघ, आपल्या दोघांतलं कुणीतरी वगळलंय त्यानं. मीच असणार. म्हातारा गेला, सून एकटीच चाललीय. तसा किल्लीवर हात बसायलाय तुझा अलीकडं, मला विचारत नाहीस."

"काहीतरी अभद्र बोलू नका मामंजी, सणाचे दिवस हायेत."

"बरं, नाही बोलत. त्यालाच शोधू."

त्यांनी यंत्राची चकती हळूहळू फिरवली. त्या हेडफोनचे दोन कान वेगळे करून दोघं एकेक कानाशी धरून ऐकायचे. आताही तसंच धरलं. खरखर, शिट्ट्या, दूरचे कुणाकुणाचे बारीक आवाज. आणि मग एकदम, कानठळ्या बसतील असा, अगदी शेजारून आल्यासारखा तो आवाज. त्यांचंच चिन्ह. पालम. माणूस एक. पुन्हा तेच. पालम. माणूस एक.

४

बिनतारी बडवणाऱ्या प्रत्येकाचा हात वेगळा असतो. अक्षर ओळखावं तसा तो ओळखता येतो. व्यंकटरावांचं मनगट तरुणपणी मोडून वाकडं जुळलं होतं, त्यामुळं लांब ठोक्याच्या शेवटी त्यांचा हात जरा लंगडायचा. पूर्णेच्या स्टेशनावर असताना पार मनमाडचे तारमास्तर तो लंगडा ठोका ऐकून 'राम राम व्यंकटराव' करायचे.

पालमहून येणारा हात लंगडत होता.

व्यंकटरावांनी डोळे मिटून नीट ऐकलं. आपलाच आवाज कुठंतरी आदळून परत येत असेल, असं त्यांनी मनाला सांगून पाहिलं. असं होतं म्हणे कधी कधी, त्यांनी वाचलं होतं. पण आपण जे बोललो तेच परत येईल ना? आपण 'पालमहून' म्हणालोच नाही. आपण एक म्हणालोच नाही. कुणी हुबेहूब नक्कल करतोय म्हणावं, तर बापाचा हात मुलाला जमत नाही, परक्याला कुठून जमणार?

आणि मग त्यांच्या लक्षात आलं. पालमला आपण आहोत. म्हणजे जे कुणी कमी आहे, ते आपण नाही.

त्यांनी हेडफोनचा कान खाली ठेवला. चेहरा होता तसा ठेवायला त्यांना फार कष्ट पडले.

"काय, ओळखला?" कावेरीनं विचारलं.

"ओळखला की. तुझाच हात." व्यंकटराव म्हणाले. "तुझी नक्कल करायलाय कुणीतरी. चल, पुरे झालं. आमटी-भाताला घरी पोचू. गुण काय, भरपूर झाले."

कावेरी तार गुंडाळायला उठली नाही, की तिनं हेडफोन खाली ठेवला नाही. ती हसून म्हणाली, "मामंजी, खोटं बोलताना तुमची बोटं थांबतात."

व्यंकटरावांनी आपल्या मांडीवरच्या हाताकडं पाहिलं. खरंच, बोटं मुकाट पडलेली होती.

"मला येतं की ऐकू," कावेरी म्हणाली. "तुमीच तर शिकवलं. हात तुमचा हाय. म्हणजे त्या मोटारीत मी न्हाई."

"कुठल्या मोटारीत? तिथं मोटारबिटार काही नाही. कुणीतरी थट्टा करायलाय."

"थट्टा असली तर जाऊन त्याचा कान धरू. अन् थट्टा नसली तर..." ती थांबली. मग नेहमीच्या स्वरात म्हणाली, "गंगेच्या काठापर्यंत तर जाऊ. उतरायचं की न्हाई ते तिथं बघू. असं अर्धवट ऐकून मी घरी गेले, तर मला जन्मभर झोप यायची न्हाई."

व्यंकटरावांनी पुष्कळ आढेवेढे घेतले. पण तिच्यापुढं त्यांचं कधी चाललं नव्हतं. शिवाय त्यांच्याही मनात कुठंतरी होतंच, की काठावर जावं, पलीकडं कुणी टवाळ पोरगा दिसावा, त्याला चार शिव्या हासडाव्यात, आणि मग संध्याकाळी घरी बसून ही गोष्ट गोविंदाला रंगवून सांगावी.

५

गोदावरीला त्या भागात सगळे गंगाच म्हणतात. पौषातली गंगा, पाणी अंग आवरून एका बाजूला सरकलेलं, आणि अलीकडं पांढरी वाळू. दोन नावा जोडून त्यावर फळ्या टाकलेल्या, त्यावरून गाड्या-बैलं आणि क्वचित एखादी मोटार पलीकडं नेत. नाव मुंजाजी नावाड्याची. तो वाळूत बसून चिलीम भरत होता. मोटार बघून तो उठला आणि कपाळावर आडवा हात धरून बघतच राहिला.

"मालक, तुमी परत कवा आलाव?"

"परत?" व्यंकटराव म्हणाले. "आत्ता तर यायलोय आम्ही."

"आता घ्या! मघाशी मीच न्हाई का पल्याड सोडलं तुमाला? हीच मोटार, ह्योच कळक." मुंजाजी हसत होता. एखाद्या गमत्या माणसानं आपली थट्टा मांडलीय असं त्याला वाटत असावं. "दुसरा उतार हाय व्हय कुटं?"

फळ्यांवर चाकांचे ओले ठसे होते. व्यंकटरावांनी ते पाहिले आणि नजर काढून घेतली. आल्यागेल्या गाड्यांचे असतील, मनात म्हणाले.

कावेरी मोटारीतून खाली उतरली. "मघाशी मी होते का ओ यांच्याबरोबर?"

मुंजाजीनं तिच्याकडं नीट पाहिलं. त्याचं हसू जरा कमी झालं. "न्हाई बाई. मालक एकलेच हुते. बाजूच्या शिटावर बाईच्या वहाना तेवड्या ठिवल्याल्या. वल्ल्या हुत्या. मी इचारलं बी, मालक, ह्या कुनाच्या? तर मालक कायच बोल्ले न्हाईत." मग त्यानं घाईनं नावेकडं बोट केलं. "बसा की. सोडतो. पानी लय गरीब हाय आज."

व्यंकटरावांना ते पाणी दिसत होतं. हिरवट, शांत, उन्हात चमकणारं. इतकं गरीब पाणी त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"आज नाही, मुंजाजी," ते म्हणाले. आपला आवाज फार मोठा निघाला असं त्यांना वाटलं. "आज परत जायचंय आम्हाला. कावेरी, बस आत."

पण कावेरी आधीच मोटारीत शिरली होती. मात्र पुढं बसली नव्हती. मागच्या बाजूला, यंत्रापाशी बसली होती. कळक होताच, तिनं एरियलची तार नुसती वाळूवर फेकली आणि हेडफोनचा एक कान धरला. व्यंकटराव धावत तिथं पोचेपर्यंत तिनं किल्लीवर बोट ठेवलं होतं.

'कोण?' तिनं पाठवलं.

पालमचा आवाज चालूच होता. पालम, माणूस एक, पालम, माणूस... आणि तो मध्येच तुटला.

सगळं शांत झालं. नुसती खरखर. नावेला लागून पाण्याचं चुबुक चुबुक. व्यंकटरावांनी दुसरा कान कानाला लावला.

मग तो लंगडा हात पुन्हा आला, पण चाचपडत, लहान पोरानं पहिल्यांदा किल्ली धरावी तसा. एकेक अक्षर.

'कावेरी?'

६

आपण आयुष्यात किल्लीवर कधी रडलो नाही, हे व्यंकटरावांना माहीत होतं. पण रडलो असतो तर आपला हात कसा पडला असता, हेही त्यांना त्या क्षणी कळलं. तो हात इतका घाईनं, इतका अडखळत यायला लागला की अक्षरं एकमेकांत घुसत होती. 'कावेरी तू. कावेरी ये. इकडं ये. ये.'

"बंद कर," व्यंकटराव म्हणाले. "कावेरी, बंद कर आधी."

"मामंजी, किती कळवळून बोलायलाय तो."

"म्हणूनच बंद कर. मी ओळखतो त्याला. तू गेलीस तर तो तुला परत सोडायचा नाही."

कावेरीनं त्यांच्याकडं पाहिलं. तिचे डोळे भरले होते, पण घाबरलेली ती दिसत नव्हती. "बरं," ती म्हणाली. पण समोरच्याचा निरोप न घेता यंत्र बंद करायचं नाही, ही बिनतारीवाल्यांची रीत. तिनं किल्लीवर चटकन चार-पाच अक्षरं वाजवली. व्यंकटरावांनी तोवर हेडफोन टाकला होता आणि बॅटरीच्या तारा उपटायला ते खाली वाकले होते. तिनं काय पाठवलं ते त्यांना ऐकू आलं नाही.

तारा निघाल्या. यंत्रातला दिवा गेला. व्यंकटरावांनी कंबर सरळ केली, आणि उगाच, बघायचं नाही असं ठरवूनही, पैलतीराकडं बघितलं.

पलीकडच्या दरडीवर बाभळीच्या सावलीत एक मोटार उभी होती. तिला कळक बांधलेला होता. मोटारीतून त्यांच्यासारखीच काळी टोपी घातलेला एक म्हातारा खाली उतरला. तो वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेला. तिकडचं दार त्यानं उघडलं. खांद्यावरचं उपरणं काढून त्यानं बसायची जागा झटकली, एकदा, पुन्हा एकदा, अगदी सावकाश, पाहुणं यायचं असलं की झटकावी तशी. मग आतून त्यानं काहीतरी लहान, जोडीनं असलेलं उचललं आणि दाराशी जमिनीवर नीट मांडून ठेवलं. तोंडं नदीकडं करून.

आणि तो तसाच दार धरून, इकडं बघत उभा राहिला.

"कावेरी," व्यंकटराव खालच्या आवाजात म्हणाले, "तू त्याला काय पाठवलंस?"

"काय पाठवणार? निरोप घेतला." ती तार गुंडाळत होती. तिचं तिकडं लक्ष नव्हतं. "जाते कसं म्हणायचं? म्हटलं, येते."

७

दिवस मावळायच्या आत ते घरी पोचले. वाटेत व्यंकटरावांनी मोटार अशी हाणली, की यंत्राचा एक दिवा फुटला आणि उरलेल्या दह्यानं बन्सीधर शेटजींची गादी न्हाऊन निघाली. नर्मदाबाई ते बघून खूप बोलल्या. व्यंकटरावांना ते बोलणं इतकं गोड लागलं, की ते मान हलवत सगळं ऐकत बसले.

चढाओढीत त्यांचा नंबर बराच खाली आला. पुढं लढाई सुरू झाली, हौशी लोकांची यंत्रं सरकारात जमा झाली, आणि व्यंकटराव स्वतः आपलं यंत्र टांग्यात घालून देऊन आले. गोविंदाला वाटलं, वडलांना फार वाईट वाटलं असेल. पण ते परत येताना जिलेबी घेऊन आले होते.

कावेरीला दोन मुलं झाली. संसार झोकात चालला. ती गंगेपलीकडं कधी गेली नाही. पालमला तिच्या मावसबहिणीचं लग्न निघालं तेव्हा व्यंकटरावांनी इतकं जोराचं आजारपण काढलं, की ती जाऊच शकली नाही. नंतर संध्याकाळी ते उठून आमटी मागायला लागले, तेव्हा ती काय समजायचं ते समजली.

एक मात्र झालं. घरातून बाहेर पडताना, देवळात, बाजारात, शेजारी हळदीकुंकवाला, कुठंही जाताना कावेरी सगळ्या बायकांसारखी उंबऱ्यात थांबून म्हणायची, "येते, मामंजी." आणि व्यंकटराव हातातलं काम टाकून विचारायचे, "कुठं?"

घरातले हसायचे. म्हाताऱ्याची नवी खोड, म्हणायचे. आधी बोटं होती, आता हे.

कावेरीही हसायची. पण उंबऱ्यावरून पाऊल उचलण्याआधी दर वेळी मागं वळून, न चुकता, मोठ्यानं उत्तर द्यायची. फक्त सासऱ्यालाच नव्हे, तर आणखी कुणाला तरी ऐकू जावं इतक्या मोठ्यानं.

"अल्याड, मामंजी. आपल्याच घरी."